पाच-दोन, डोंबिवली पूर्व

कुंदाताई सबनीस माणसं उंचीने लक्षात ठेवायच्या. नावं विसरायच्या, आडनावांत घोळ घालायच्या, पण फूट-इंच कधी चुकले नाहीत. "तो पाच-अकरा परत येऊन गेला," असं त्या म्हणाल्या की आपण समजायचं, खडकपाड्याचा इंजिनियर. इस्त्रीवाला पाच-तीन होता. त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी प्रत्यक्षात पाच-पाच आणि बायोडाटावर पाच-सात होते. सेक्रेटरींच्या लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी कुंदाताईंनी हे गुपित जपलं होतं. मला मात्र दुसऱ्याच भेटीत सांगितलं.

डोंबिवली पूर्वेला, रामनगरात, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं वधू-वर सूचक मंडळ होतं. मंडळ म्हणजे राहत्या घराची बाहेरची खोली, सहा खुर्च्या आणि दोन लोखंडी कपाटं. मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सात. कपाटातल्या फायलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या. शिक्षण, पगार, पत्रिका या सगळ्यावर माणसं तडजोड करतात, पण मुलगा मुलीपेक्षा दोन इंचांनी बुटका निघाला की कोणीही ऐकत नाही, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एका शाळेच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या होत्या, आणि पालकांशी बोलताना तो हेडक्लार्क अधूनमधून बाहेर यायचा.

त्यांच्याकडे मी गेलो तो कलावंत म्हणून. त्याआधी अकरा वर्षं ठाण्याच्या एका कंपनीत मी लोकांचे कॉम्प्युटर सुरू करून द्यायचो. "एकदा बंद करून चालू करा," हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा म्हणण्याचा मला बऱ्यापैकी पगार होता. मग एका मित्राच्या लग्नात मी काढलेल्या फोटोंचं चार लोकांनी कौतुक केलं. त्यातले दोघे तर चक्क शुद्धीत होते. तेवढ्यावर मी राजीनामा दिला, हप्त्यावर कॅमेरा घेतला आणि लग्नाचे फोटो काढण्याचा धंदा सुरू केला. माझी बायको स्मिता शाळेत शिकवते, त्यामुळे मुदत आखून देण्याची तिला सवय आहे. तुळशीच्या लग्नापासून मेअखेरपर्यंत, एक सीझन. तेवढ्यात घरखर्चाचा अर्धा वाटा उचलता आला तर धंदा, नाही तर परत कंपनी. माझ्या साहेबांनीही जूनपर्यंत माझी खुर्ची रिकामी ठेवतो असं सांगितलं होतं. मला वाटलं, माझ्यावरच्या प्रेमापोटी. नंतर कळलं, त्या पगारात दुसरं कोणी येत नव्हतं.

धंद्याचं नाव मी ठेवलं 'द मोगरा मोमेंट्स कंपनी'. महिनाभर विचार करून ठेवलं. पाचशे कार्डं छापली. पहिला फोन आला तो हळदीसाठी दीडशे गजरे किती वाजेपर्यंत पोचतील हे विचारायला. दुसरा फोनही गजऱ्यांचाच. तिसरा आला तेव्हा मी दर विचारून ठेवले होते. इन्स्टाग्रामवर पैसे टाकून जाहिरात केली, तिला सहाशे लोक मिळाले. त्यातले साडेपाचशे माझ्यासारखेच फोटोग्राफर होते, आणि आम्ही एकमेकांच्या फोटोंवर आगीची चित्रं टाकत असू. ठाण्याच्या एका लग्नसाहित्य प्रदर्शनात दोन दिवसांचा स्टॉल घेतला. जागा स्वच्छतागृहाशेजारी होती, म्हणून स्वस्तात मिळाली. दोन दिवसांत शेकडो लोक माझ्याशी बोलले, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता. मी हाताने दिशा दाखवत राहिलो.

तेव्हा मला सुचलं की लग्न ठरतं तिथेच जाऊन बसावं. लॅमिनेट केलेली पत्रकं घेऊन मी एका मंगळवारी कुंदाताईंसमोर हजर झालो. ठरलेल्या प्रत्येक लग्नाचा पत्ता द्या, दहा टक्के तुमचे, अशी माझी योजना होती. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"पाच-सात. नोकरी?"

सोडली म्हणून सांगितलं.

"मग अवघड आहे."

माझं लग्न झालंय, असं मी घाईघाईने सांगितलं. "मुलीचं नशीब," एवढं म्हणून त्यांनी पत्रक हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं, आणि मोगऱ्याचा सीझन तर उन्हाळ्यात असतो, असं म्हणाल्या. दहा टक्क्यांबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्याऐवजी त्यांनी एक फाइल उघडून माझ्यासमोर धरली. आत बायोडाटा आणि त्यांना चिकटवलेले फोटो होते. एका मुलीचा फोटो बहिणीच्या लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला, खांद्यावर कोणाचा तरी तुटका हात. एक मुलगा बाइकवर बसलेला, हेल्मेटसकट. एकाने आधार कार्डावरचाच फोटो लावला होता.

"यांची लग्नं ठरत नाहीत ती यामुळे," त्या म्हणाल्या. "तुला लग्नाचे फोटो काढायचेत ना? मग आधी लग्न ठरण्याचे काढ."

मी सिनेमॅटिक, कँडिड वगैरे काम करणारा माणूस. स्थळांचे फोटो काढणं म्हणजे पासपोर्टवाल्याचं काम, असं माझ्या मनात आलं. पण डिसेंबर सुरू झाला होता आणि तोपर्यंत धंदा म्हणून मी एकाही लग्नाचा एकही फोटो काढला नव्हता. मी हो म्हटलं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्या गॅलरीत उजेड चांगला यायचा. एक खुर्ची, मागे पांढरी चादर, माणशी थोडेसे पैसे. गजऱ्यांपेक्षा बरे होते.

पहिल्याच महिन्यात मी घाण केली. टिटवाळ्याची मेघना नावाची मुलगी आली होती. पाच-चार, एम.एस्सी., कल्याणच्या एका लॅबमध्ये नोकरी. डाव्या गालावर, हनुवटीकडे उतरत गेलेला भाजल्याचा डाग. लहानपणी उकळती आमटी अंगावर सांडली होती. फोटो सुरेख आला. घरी येऊन मी कॉम्प्युटरवर बसलो आणि चांगुलपणाच्या भरात तिचा डाग पुसून टाकला. मला कोणी सांगितलं नव्हतं. आपण एका मुलीचं भलं करतोय या आनंदात मी नंतर चहासुद्धा प्यायलो.

तो फोटो बाळकुमच्या एका घरी पसंत पडला. मंडळी टिटवाळ्याला कांदेपोह्यांना गेली. मुलाची आई सगळा वेळ मेघनाच्या गालाकडे बघत राहिली, आणि निघताना तिने विचारलं की हे आत्ताच झालंय का. नाही म्हटल्यावर तिने फोन काढून फोटो दाखवला. तुम्ही लपवलंत, म्हणाली. कदाचित डाग पाहून त्यांनी हो म्हटलंही असतं, कोणी सांगावं. पण लपवलं म्हटल्यावर संपलंच. मेघनाच्या वडिलांना दारात उभं राहून ते ऐकून घ्यावं लागलं.

कुंदाताई मला ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून त्यांनी मला बोलावलं आणि आम्ही टिटवाळ्याला गेलो. मेघनाच्या घरी मी माफीचं भाषण तयार करून नेलं होतं, त्यात तंत्रज्ञानाचा उल्लेख दोनदा होता. तिने ते पुरं होऊ दिलं.

"डाग काढा असं मी म्हटलं नव्हतं," मग ती म्हणाली. "मी सातवीपासून तो घेऊन फिरतेय. मला त्याची सवय आहे. तुम्हालाच झाली नाही."

मला लाज वाटली. तशी मला बऱ्याच गोष्टींची वाटते, पण ती दहा मिनिटांत जाते. ही गेली नाही. परतताना कुंदाताईंनी मला एकच गोष्ट सांगितली, की फोटो पसंतीसाठी नसतोच. दारात उभा असलेला माणूस तोच आहे हे कळावं, एवढ्यासाठी तो असतो. पसंती माणसांनी समोरासमोर बसून करायची.

त्यानंतर शोभाबाईंची परीक्षा सुरू झाली. शोभाबाई कुंदाताईंकडे धुण्याभांड्याला यायच्या. मी काढलेला फोटो कुंदाताई त्यांना स्वयंपाकघरात दाखवायच्या. मग बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्यांसाठी शोभाबाई पाण्याचा ट्रे घेऊन यायच्या आणि पहिला ग्लास फोटोतल्या माणसाला द्यायच्या. बरोबर दिला तर फोटो पास. चुकला तर मी परत काढायचा, फुकट. पहिल्या दोन आठवड्यांत शोभाबाईंनी एका वराऐवजी त्याच्या काकांना पाणी दिलं आणि एका वधूऐवजी मलाच दिलं. चष्म्यावर चमक आली होती, मी खालून लाइट मारला होता, मानेचा कोन कलात्मक होता. हे सगळं मी शोभाबाईंना समजावून सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही साधा काढा ना."

मी साधा काढायला शिकलो. ऐकायला सोपं वाटतं, पण त्याला मला दोन महिने लागले.

जाहिरातही त्यांनीच बसवून दिली. बायोडाटा आता सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरून जातात. प्रत्येकाच्या तळाशी त्यांनी बारीक अक्षरात एक ओळ घातली: छायाचित्र, प्रसाद शिर्के, डोंबिवली. आणि फोन नंबर. मोगरा कुठे गेला म्हणून मी विचारलं. लग्नघरात लोक फोटोवाला कोण असं विचारतात, आणि कोण म्हटल्यावर माणसाचं नाव सांगायचं असतं, असं उत्तर मिळालं. लग्न ठरेपर्यंत एक बायोडाटा तीस-चाळीस घरं फिरतो. ज्यांच्या घरात लग्नाचं मूल आहे अशीच घरं. इन्स्टाग्रामला जे पैसे देऊन जमलं नाही ते त्या एका ओळीने फुकटात होऊ लागलं. जानेवारीत मला पहिलं लग्न मिळालं, कल्याणला, दीडशे माणसांचं. त्या लग्नात मी वेगळा कोन साधण्यासाठी मंडपात जमिनीवर आडवा झालो, तर मला चक्कर आली असं समजून नवरीच्या मामांनी माझ्या नाकाशी कांदा धरला. तरी फोटो चांगले आले. फेब्रुवारीत आणखी दोन लग्नं मिळाली.

आता माझ्या डोक्यात ड्रोन आला. स्मिताची एक मुदत ठेव होती, ती मोडायचा माझा विचार होता. सांगायला मी आधी कुंदाताईंकडे गेलो, कारण स्मिताला सांगायचं धैर्य नव्हतं.

"ड्रोन?" त्या म्हणाल्या. "डोंबिवलीत वरून काय दिसणार रे? पाण्याच्या टाक्या."

मग त्यांनी विचारलं, माझा कॅमेरा महिन्यातून किती दिवस कपाटाबाहेर येतो. मी बोटांवर मोजलं, आणि बोटं उरली. लग्नासाठी आपण हॉल विकत घेतो का, असं त्यांचं पुढचं म्हणणं. लग्न ठरलं, हातात आगाऊ रक्कम पडली, की त्यातून लेन्स भाड्याने आणायची. लग्न उरकलं की परत करायची. स्वतःचं घ्यायचं ते भाडं देऊन देऊन कंटाळा आल्यावरच. ठाण्याला लेन्स भाड्याने देणारी दुकानं आहेत हे मला माहीत होतं, पण तिथे जाणं मी कमीपणाचं समजत होतो. स्मिताची ठेव वाचली. तिला हे अजून माहीत नाही. हे वाचून कळेल.

त्यांची आणखी एक रीत मला फार आवडायची. नकार कळवायचा असला की त्या दुपारी अडीचच्या आधी फोन करत नसत. सकाळीच मुलाकडून निरोप आला असला तरी थांबायच्या. मुलीच्या घरची जेवणं होऊ देत, उपाशीपोटी ऐकवू नये, म्हणायच्या. फोनवर 'नकार' हा शब्दही नाही, 'या वेळी योग नाही' एवढंच. फायलीत मात्र कारण लिहून ठेवायच्या, पेन्सिलने. माणसं वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा विचारायला येतात, तेव्हा खोडता आलं पाहिजे. आणि त्या स्वतःचा फोटो कधी काढू देत नसत. मी दोन-तीनदा प्रयत्न केला, तर म्हणाल्या, मी काय स्थळ आहे?

मे उजाडला तेव्हा हिशेब सरळ होता. घरखर्चाचा अर्धा वाटा भरायला मला आणखी एक मोठं काम हवं होतं. आणि ते आलं. माजिवड्याच्या एका टॉवरमधून, तळाची ओळ वाचूनच. वडील मोठे कंत्राटदार, मुलगी एकुलती एक, स्थळं बघणं सुरू. मुलगा ठरायचा होता, पण लग्न डिसेंबरात, रिसॉर्टवर, तीन दिवसांचं, हे ठरलेलं. आधी मुलीचा फोटो काढायचा होता. काढला. मग वडिलांनी मला बाजूला घेतलं आणि जरा बारीक करून द्या, थोडी उजळ करा, म्हणाले. एवढं केलंत तर तीन दिवसांचं लग्न तुमचं, निम्मे पैसे आत्ताच. मुलगी सोफ्यावर मोबाइल बघत बसली होती. तुम्हाला हवंय का असं, असं मी तिला विचारलं. "मला कोण विचारतंय," ती मोबाइलमधून मान न काढता म्हणाली.

मी नाही म्हणून तिथून ताडकन उठलो, असं लिहायला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी "बघतो" म्हटलं, घरी आलो, आणि दोन तास बसून तो फोटो अगदी मन लावून बारीक केला. छान झाला होता. नवीन मुलगीच तयार झाली होती. पाठवण्याआधी मी कुंदाताईंना फोन केला. मला त्यांनी नको म्हणायला हवं होतं, म्हणजे दोष त्यांच्यावर गेला असता. त्या म्हणाल्या, तुझं घर तुला चालवायचंय, मी काय सांगणार. आणि फोन ठेवला. दुपारभर मी त्या दोन फोटोंसमोर बसलो. मला टिटवाळ्याच्या दारातले ते वडील आठवत राहिले. शेवटी मी खरा फोटो पाठवला. कंत्राटदारांचा एकच निरोप आला, अंगठा. काम दुसऱ्या कोणाला तरी मिळालं. आपण योग्य वागलो याचा मला आनंद झाला नाही. मला रडू येत होतं, आणि ते मुलीसाठी नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी मी साहेबांना फोन करून येतो म्हणून कळवलं आणि कुंदाताईंना सांगायला गेलो. मंडळात कोणी नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या.

हे मला लागलं. निदान अरेरे तरी म्हणतील असं वाटलं होतं. तसं मी बोलूनही दाखवलं. कुंदाताईंनी चष्मा काढला. शनिवारी-रविवारी लग्नं नसतात का, असं त्यांनी विचारलं. मुहूर्तांचं काय, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, हल्ली मुहूर्तच शनिवार-रविवार बघून निघतात, मी रोज पाहते. शाळेत नोकरी करूनच त्यांनी मंडळ उभं केलं होतं. शाळेच्या पगारातून मंडळाचं कपाट आलं, टेलिफोन आला.

"भांडवल कुठून आणू म्हणून हिंडत होतास ना? पगार म्हणजे भांडवलच. इतकं स्वस्त कर्ज कोणती बँक देते?"

मला ते पटलं, पण आवडलं नाही. अर्धवेळ कलावंत होण्यासाठी मी राजीनामा दिला नव्हता. मी निघालो, तर त्यांनी थांबवलं. कॅमेरा आणलायस ना, एक काम करून जा, म्हणाल्या. आत जाऊन साडी बदलून आल्या आणि गॅलरीतल्या खुर्चीवर, पांढऱ्या चादरीसमोर, स्वतः बसल्या.

"पाच-दोन," त्या म्हणाल्या. "डोंबिवली पूर्व. निवृत्त. वय अडुसष्ट."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. सामंत म्हणून कल्याणचे गृहस्थ होते, पाच-पाच, विधुर, एका औषध कंपनीतून निवृत्त. वर्षापूर्वी नाव नोंदवायला आले. कुंदाताईंनी त्यांना तीन स्थळं दाखवली, तिन्ही त्यांनी नाकारली, तरी दर मंगळवारी येऊन बसायचे. चौथ्यांदा फाइल काढताना कुंदाताईंनी वैतागून विचारलं, अहो, तुम्हाला हवंय तरी काय नेमकं? सामंत म्हणाले, मंगळवार.

मी त्या गृहस्थांना सहा महिने कोपऱ्यातल्या खुर्चीत पाहत होतो. ते सोसायटीचे कोणी हिशेबनीस असावेत असा माझा समज होता. लोकांच्या नकळत त्यांचे भाव टिपणारा कँडिड फोटोग्राफर, असं माझ्या पत्रकावर छापलेलं आहे.

फोटो सामंतांच्या मुलाला पाठवायचा होता. तो कॅनडात असतो. त्याने वडिलांना लिहिलं होतं, बाईंचा फोटो पाठवा. कुंदाताई खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. शेकडो मुलींना त्यांनी तिथेच बसवून खांदे सैल सोडायला सांगितलं होतं, आणि आता त्यांचे स्वतःचे खांदे कानाला लागले होते. मी साधा फोटो काढला. लॅपटॉपवर घेऊन दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"मानेखालचं जरा कमी करता येतं ना रे?"

त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मी लगेच कामाला लागलो. या वेळी ज्याचा चेहरा होता त्याच माणसाने सांगितलं होतं. मानेच्या सुरकुत्या उतरल्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, ओठांच्या कडेच्या रेघा पुसल्या. पडद्यावर पंचावन्न वर्षांच्या बाई दिसू लागल्या. कुंदाताई जवळ सरकल्या. अगदी अशीच होते मी, म्हणाल्या. मग काही वेळाने त्यांनी पदर सारखा केला.

"आता ही काढून टाक आणि आधीची पाठव. हिला सामंतांनी पाहिलेलंच नाही."

मी आधीचा पाठवला. कॅनडाहून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, बाबांना असं चष्म्यावरून दटावून बघणारं कोणीतरी हवंच होतं.

महिन्याची नोटीस देऊन जुलैत ठाण्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात लग्न झालं. मी एव्हाना कंपनीत रुजू झालो होतो. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, गळ्यात कॅमेरा आणि खिशात कंपनीचं ओळखपत्र, असा गेलो. भाड्याची लेन्स आणली होती, सगळ्यात महागातली. साक्षीदार तीन लागतात. शोभाबाई नवी साडी नेसून आल्या होत्या, सामंतांचे एक मित्र होते, आणि तिसरे त्यांचे चुलतभाऊ आधार कार्ड घरी विसरून आले होते. कारकुनाने त्यांना बाजूला केलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तुमच्याकडे आहे का, असं विचारलं. माझ्याकडे होतं.

फॉर्मवर नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. पुढचा रकाना व्यवसायाचा होता. तिथे माझं पेन थांबलं. खरं उत्तर खिशात होतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात, फोटोसकट. मी 'नोकरी'चा न लिहायला घेतला. कुंदाताई शेजारी उभ्या होत्या, दुसऱ्या कागदावर सही करत. त्यांनी तिरक्या नजरेने माझा कागद पाहिला.

"फोटोग्राफर लिही."

सरकारी कागद आहे, असं मी हळू आवाजात म्हटलं.

"म्हणूनच सांगतेय. मी सरकारी कागदावर खोटं लिहायला सांगेन का?"

मी 'न' खोडला. फोटोग्राफर हा शब्द मी आजवर हजार वेळा लिहिला असेल, कार्डावर, पत्रकावर, इन्स्टाग्रामवर. तिथे लिहिताना मात्र 'ग्रा' कसा काढायचा तेच आठवेना. मी अक्षर नीट काढत होतो, आणि टाळ्या वाजल्या.

मान वर केली तेव्हा दोघांच्याही गळ्यात हार होते. माझ्या कॅमेऱ्यावर झाकण होतं आणि माझ्या हातात पेन. मी पुढे धावलो, पुन्हा एकदा घाला, फक्त फोटोपुरते, म्हटलं. पण अधिकाऱ्यांनी पुढच्या जोडप्याची नावं पुकारली होती. सामंत माझ्यासाठी हार काढायला तयार झाले. कुंदाताईंनी त्यांचा हात धरला.

"परत काय घालायचे? लग्न झालं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "तू पाहिलंस ना?"

मी पाहिलं नव्हतं. मी लिहीत होतो. मी हो म्हटलं.

मग त्या दोघांनी पेढ्यांचा पुडा शोभाबाईंच्या हातात दिला आणि ते जिन्याकडे गेले. सामंतांना गुडघ्याचा त्रास आहे, ते एकेक पायरी बघून उतरत होते, आणि कुंदाताई हार सावरत, सामंतांच्या हाताला आपला खांदा नेमका येईल अशा बेताने शेजारून चालल्या होत्या. त्या आता कल्याणला असतात, बायोडाटाच्या तळाशी माझं नाव अजून घालतात, आणि माझे बहुतेक शनिवार-रविवार भरलेले असतात. पण मी फोटोग्राफर आहे असं लिहिलेला सरकारी कागद तेवढा एकच आहे, आणि त्या लग्नाचा फोटो माझ्याकडे नाही.